पहिल्यानंतरचे कुठे गेले?

अमेरिकेतल्या विद्यापीठांनी आपल्या सुरुवातीच्या कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांचा इतिहास शोधत बसावं का, यावर सध्या जो वाद चालला आहे तो दोन्ही बाजूंनी वाईट चालला आहे. जून २०२३ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने प्रवेश देताना वंश लक्षात घेण्याची पद्धत मोडीत काढली. जानेवारी २०२५ पासून केंद्र सरकारने विविधता आणि समावेशाच्या कार्यक्रमांवर कुऱ्हाड चालवली. त्या धामधुमीत जुनी कागदपत्रं तपासण्याचं साधं अभ्यासाचं कामही त्याच माळेत ओवलं गेलं. एक बाजू म्हणते, गाडलेली मढी उकरू नका, गुणवत्तेवर बोला. दुसरी बाजू उत्तर म्हणून एक पितळी पाटी लावते: आमचा पहिला कृष्णवर्णीय पदवीधर, अमुक साली. मग फोटो, टाळ्या, चहा. तिकडच्या मराठी मंडळींत हा विषय निघाला तर बहुतेक वेळा ‘आपल्याला काय त्याचं’ इथे येऊन थांबतो.

माझं म्हणणं असं की हा इतिहास शोधलाच पाहिजे, तो विद्यापीठांच्या खर्चाने शोधला पाहिजे, आणि पहिल्या नावापाशी थांबता कामा नये. पहिलं नाव सापडलं की एक गोष्ट आपोआप तयार होते. आधी दार बंद होतं, मग एक हुशार मुलगा आला, दार किलकिलं झालं, आणि हळूहळू सताड उघडलं. ही गोष्ट ऐकायला बरी वाटते. विद्यापीठाला तर फारच बरी वाटते. अडचण एवढीच की ती बऱ्याच ठिकाणी खोटी आहे.

साउथ कॅरोलायना विद्यापीठाचंच घ्या. गुलामगिरीवरून झालेलं यादवी युद्ध १८६५ मध्ये संपलं, आणि पुढची काही वर्षं दक्षिणेतल्या राज्यांत कृष्णवर्णीयांना मत मिळालं, सत्तेत वाटा मिळाला. ऑक्टोबर १८७३ मध्ये हेन्री हेन या राज्याच्या कृष्णवर्णीय मंत्र्याने विद्यापीठाच्या वैद्यक विभागात विद्यार्थी म्हणून नाव घातलं. काही गोऱ्या प्राध्यापकांनी राजीनामे फेकले, गोरी मुलं निघून गेली. विद्यापीठ मात्र बंद पडलं नाही. राज्याने शिष्यवृत्त्या दिल्या, कृष्णवर्णीय विद्यार्थी येत गेले आणि थोड्याच काळात बहुसंख्य झाले. टी. मॅकॅन्ट्स स्ट्यूअर्ट इथूनच पदवी घेऊन वकील झाला. इथे शिकलेला जॉर्ज वॉशिंग्टन मरे पुढे अमेरिकी संसदेत निवडून गेला. शिकवायला रिचर्ड ग्रीनर आला. हार्वर्ड कॉलेजचा १८७० सालचा हा पहिला कृष्णवर्णीय पदवीधर. तो तत्त्वज्ञान शिकवत होता, ग्रंथालयाची घडी बसवत होता आणि त्याच विद्यापीठातून कायद्याची पदवीही घेत होता. मग १८७७ उजाडलं. युद्धानंतर दक्षिणेत ठेवलेलं केंद्राचं सैन्य मागे गेलं, राज्यात गोऱ्यांचं सरकार परतलं आणि त्याने विद्यापीठालाच टाळं ठोकलं. १८८० मध्ये ते उघडलं तेव्हा फक्त गोऱ्यांसाठी. पुढचे तीन कृष्णवर्णीय विद्यार्थी आत गेले सप्टेंबर १९६३ मध्ये. ज्याला १८७३ माहीत नाही त्याला १९६३ हे आरंभाचं साल वाटतं. ज्याला माहीत आहे त्याला शहाऐंशी वर्षं मुद्दाम बंद ठेवलेलं दार दिसतं. या दोन माणसांची आजच्या धोरणांबद्दलची मतं सारखी असतील का?

हे एकाच राज्याचं वेड होतं म्हणावं, तर मेरिलँड विद्यापीठाचं कायदा महाविद्यालय पाहा. तिथून १८८९ मध्ये हॅरी कमिंग्ज आणि चार्ल्स जॉन्सन हे दोन कृष्णवर्णीय विद्यार्थी पदवी घेऊन बाहेर पडले. पुढच्याच वर्षी गोऱ्या विद्यार्थ्यांनी अर्ज दिला की असले सहाध्यायी आम्हाला नकोत, आणि शिकत असलेल्या दोघांना बाहेर काढण्यात आलं. १९३५ मध्ये डोनल्ड मरेला कोर्टातून प्रवेश मिळवावा लागला, तोवर दार बंद. केंटकीच्या बेरिया कॉलेजात गोरी आणि कृष्णवर्णीय मुलं १८६६ पासून एकत्र शिकत होती. १९०४ मध्ये राज्याने कायदा करून ते थांबवलं आणि १९०८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या कायद्यावर शिक्का मारला. उत्तरेतल्या हार्वर्डने १८५० मध्ये वैद्यकाला तीन कृष्णवर्णीय विद्यार्थी घेतले आणि गोऱ्या विद्यार्थ्यांच्या तक्रारीनंतर त्यांना पुढे शिकू दिलं नाही. त्यांतला एक मार्टिन डिलेनी, पुढे यादवी युद्धात मेजर झालेला. १९२०च्या दशकाच्या सुरुवातीला तिथल्या अध्यक्षांनी कृष्णवर्णीय मुलांना पहिल्या वर्षाच्या वसतिगृहांत राहायला मनाई केली. असं नाकारलेल्या एका मुलाचा बाप स्वतः हार्वर्डचा १९०२चा पदवीधर होता! बापाला मिळालेलं मुलाला नाही. याला हळूहळू होणारी प्रगती म्हणायचं असेल तर म्हणा.

म्हणूनच ‘पहिला कोण’ हा प्रश्न मला अपुरा वाटतो. त्याच्या पाठोपाठ ‘दुसरा कोण, आणि मध्ये किती वर्षं गेली’ हे विचारलंच पाहिजे. पहिल्याचा मान विद्यापीठाला मिरवता येतो; मधल्या वर्षांचा हिशेब मात्र विद्यापीठाला द्यावा लागतो.

आता विरोधकांकडे वळू. त्यांचे काही मुद्दे हसण्यावारी नेण्यासारखे नाहीत.

पहिला नेहमीचा मुद्दा: त्या काळाला आजच्या फूटपट्टीने मोजू नका. तत्त्व म्हणून मला हे मान्य आहे. पण मग त्या काळाची फूटपट्टी कोणती होती हे तरी पाहायला हवं ना? डार्टमथ कॉलेजच्या विश्वस्तांनी १८२४ मध्ये मार्टिनिक बेटावरून आलेल्या एडवर्ड मिचेलला प्रवेश नाकारला, कारण विद्यार्थ्यांना चालणार नाही अशी त्यांना भीती. त्यावर विद्यार्थ्यांनीच निषेध केला, विश्वस्तांना माघार घ्यावी लागली आणि मिचेल १८२८ मध्ये पदवीधर झाला. ओबर्लिन कॉलेजात १८३५ मध्ये विश्वस्तांची मतं समसमान पडली आणि अध्यक्षांच्या मताने कृष्णवर्णीयांना प्रवेश ठरला. उलट त्याच १८३५च्या ऑगस्टमध्ये, डार्टमथपासून फार लांब नसलेल्या कॅनान गावात, कृष्णवर्णीय मुलं घेतली म्हणून गावकऱ्यांनी बैलांच्या जोड्या जुंपून नॉइस अकादमीची आख्खी इमारत पायावरून ओढून नेली. त्या शाळेतल्या मुलांत सोळा वर्षांचा अलेक्झांडर क्रमेल होता. एकाच प्रदेशात दहा-बारा वर्षांच्या अंतराने दोन्ही घडत होतं. म्हणजे त्या काळातल्या लोकांनाही बरं-वाईट कळत होतं, त्यांच्यात भांडण होतं, आणि कुणीतरी एक बाजू निवडत होतं. ‘तो काळच तसा होता’ म्हणणारा त्या काळातल्या निम्म्या माणसांना, म्हणजे डार्टमथच्या त्या पोरांना, इतिहासातून काढून टाकतो.

दुसरा मुद्दा गुणवत्तेचा. शेवटी गुणवान माणूस वर येतोच, असं म्हणणाऱ्यांना एडवर्ड बूशे दाखवावा. येल कॉलेजात १८७४ च्या वर्गात सहावा आला. दोन वर्षांनी तिथेच भौतिकशास्त्रात पीएचडी मिळवली, आणि अमेरिकेत पीएचडी मिळवणारा तो पहिला कृष्णवर्णीय ठरला. हाताच्या बोटांवर मोजता येतील इतके अमेरिकी त्या विषयात तोवर डॉक्टर झाले होते. एकाही विद्यापीठाने त्याला प्राध्यापक म्हणून घेतलं नाही. फिलाडेल्फियातल्या कृष्णवर्णीय मुलांच्या एका शाळेत त्याने सव्वीस वर्षं विज्ञान शिकवलं, आणि ती शाळा हस्तव्यवसायाच्या शिक्षणाकडे वळली तेव्हा तेही सुटलं. गुणवत्ता होती, कागदावर होती, येलच्याच सहीची होती. नव्हतं ते ती वापरू देणारं कुणी. प्रवेशाच्या यादीवर थांबलेला इतिहास इथे पुन्हा तोकडा पडतो. पदवीनंतर त्या माणसाचं काय झालं हे त्याच इतिहासाचं पुढचं पान आहे.

तिसरा मुद्दा मात्र भक्कम आहे, आणि तो बहुतेक वेळा कृष्णवर्णीय अभ्यासकांकडूनच येतो. गोऱ्यांच्या नामांकित विद्यापीठांत शिकलेल्या मूठभर मुलांवर एवढा प्रकाश कशाला? विसाव्या शतकाच्या तोंडाशी कृष्णवर्णीय समाजशास्त्रज्ञ डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांनी अटलांटा विद्यापीठातून देशभरच्या कॉलेजांना पत्रं पाठवून मोजदाद केली, तेव्हा कृष्णवर्णीय पदवीधर जवळजवळ अडीच हजार निघाले. त्यांतले गोऱ्यांच्या कॉलेजांतले चारशेच्या आसपास. बाकीचे सगळे फिस्क, हॉवर्ड, लिंकन, विल्बरफोर्स, अटलांटा अशा कृष्णवर्णीयांसाठीच्या संस्थांतले. मग हार्वर्ड-येलच्या चार नावांची आरती म्हणजे पुन्हा हार्वर्ड-येलचीच आरती नाही का? आहे. यातला मोठा भाग मी मान्य करतो. या प्रकल्पांवर विद्यापीठं जो पैसा घालतात, त्यातला वाटा त्या संस्थांच्या दप्तरांच्या जपणुकीवर खर्च व्हावा हेही मला पटतं.

पण यातून काम थांबवा असा निष्कर्ष निघत नाही, कारण दोन इतिहास वेगळे काढताच येत नाहीत. लॉइड गेन्स मिझुरीतल्या कृष्णवर्णीयांच्या लिंकन विद्यापीठाचा पदवीधर. त्याने राज्य विद्यापीठात कायदा शिकायला अर्ज केला. राज्याचं उत्तर: दुसऱ्या राज्यात जाऊन शीक, फी आम्ही भरू. दक्षिणेकडच्या बऱ्याच राज्यांची ही ठरलेली युक्ती होती, आपल्या विद्यापीठाचं दार बंद ठेवायचं आणि पोराला गाडीत बसवून द्यायचं. १९३८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गेन्सच्या बाजूने निकाल दिला. मार्च १९३९ मध्ये तो शिकागोत एका संध्याकाळी बाहेर पडला आणि पुन्हा कुणालाच दिसला नाही. मिझुरी विद्यापीठाने त्याला २००६ मध्ये मानद पदवी दिली. गेन्स मिझुरी विद्यापीठाचा विद्यार्थी कधी नव्हताच, तरी त्या विद्यापीठाच्या इतिहासातलं हे महत्त्वाचं प्रकरण आहे. नोंदवहीत नसलेल्यांचा इतिहास त्यांना प्रवेश नाकारणाऱ्याच्या फायलीत असतो, आणि त्या फायलींच्या किल्ल्या अजून विद्यापीठांकडेच आहेत. दुसरं कुणी त्या उघडू शकत नाही.

चौथा आक्षेप मला सगळ्यांत अवघड वाटतो. येलमध्ये बूशेला कित्येक वर्षं पहिला कृष्णवर्णीय पदवीधर मानत. २०१४ मध्ये लिलावाला आलेल्या एका घराण्याच्या जुन्या कागदांवरून कळलं की न्यू हेवनमधल्या एका चर्मकाराचा मुलगा रिचर्ड हेन्री ग्रीन त्याच्या सतरा वर्षं आधी, १८५७ मध्येच पदवीधर झाला होता. हे इतकी वर्षं कसं लपलं? कॉलेजच्या नोंदवहीत वंशाचा रकाना नव्हता. तो होता जनगणनेच्या तक्त्यात. प्रगणक दारात उभा राहायचा, समोरच्या माणसाकडे पाहायचा आणि रंगाच्या रकान्यात एक अक्षर मांडायचा. आज अभ्यासक कॉलेजची यादी, दर दहा वर्षांचे जनगणनेचे तक्ते आणि चर्चची दप्तरं शेजारी-शेजारी ठेवून एकेक नाव जुळवत बसतो. ग्रीन पुढे डॉक्टर झाला, यादवी युद्धात नौदलात साहाय्यक शस्त्रवैद्य होता. आणि न्यूयॉर्क राज्यात स्थायिक झाल्यानंतरच्या जनगणनेत त्याच्या नावापुढे ‘गोरा’ अशी नोंद आहे. आता प्रश्न असा, की ज्याने आयुष्याचा उत्तरार्ध गोरा म्हणून काढला, त्याच्या गळ्यात दीडशे वर्षांनी पाटी अडकवण्याचा हक्क आपल्याला कुणी दिला?

ग्रीनरच्या घरातच हा प्रश्न किती धारदार होता ते दिसतं. त्याची बायको-मुलं त्याच्यापासून वेगळी झाली, आडनावातलं एक अक्षर गाळून गोऱ्यांत मिसळली. मुलगी बेल द कोस्टा ग्रीन ही जे. पी. मॉर्गनच्या ग्रंथसंग्रहाची नामवंत ग्रंथपाल झाली, आणि मरण्याआधी तिने आपले खासगी कागद जाळून टाकले. बापाचे कागद मात्र २००९ मध्ये शिकागोत पाडायला काढलेल्या एका घराच्या माळ्यावर, तिथे काम करणाऱ्या मजुराला ट्रंकेत सापडले. त्यांत हार्वर्डचं पदवीपत्रही होतं. त्या मजुराने ते कचऱ्यात टाकलं नाही, म्हणून आपण आज बोलतो आहोत. मुलीने जे जाळलं ते जाळण्याचा तिला हक्क होता, असंच मी म्हणेन.

पण गुपित नेमकं कुणाचं होतं, हे नीट पाहावं. व्हॅसार या मुलींच्या कॉलेजात अनिता हेमिंग्ज गोरी म्हणून शिकत होती. तिच्या खोलीतल्या मैत्रिणीच्या वडिलांना संशय आला, त्यांनी खासगी गुप्तहेर लावला, आणि १८९७ मध्ये पदवी मिळायच्या ऐन तोंडावर खरं बाहेर आलं. तिला पदवी मिळाली. कॉलेजने उघडपणे कृष्णवर्णीय मुली घ्यायला सुरुवात केली ती १९४० मध्ये. मधल्या काळात अनिताची स्वतःची मुलगीही व्हॅसारमध्ये शिकली, पुन्हा गोरी म्हणूनच. या गोष्टीत अनिताचं काही उघडं पाडण्यासारखं नाही. उघडा पडतो तो कॉलेजचा नियम, ज्यापायी आई आणि मुलगी दोघींना आपल्याच वंशावर पांघरूण घालून वर्गात बसावं लागलं. त्या व्यक्तीने स्वतःला काय म्हटलं, प्रगणकाने काय लिहिलं आणि संस्थेने काय केलं, या तीन गोष्टी अभ्यासकाने वेगवेगळ्या मांडाव्यात. मग ग्रीनच्या गळ्यात पाटी अडकवावी लागत नाही आणि येललाही सुटता येत नाही.

आणि आता ‘आपल्याला काय त्याचं’ म्हणणाऱ्यांसाठी. आनंदीबाई जोशींचा १८८५चा तो फोटो आपण सगळ्यांनी पाहिलेला असतो. नऊवारीतल्या आनंदीबाई, शेजारी जपानच्या केई ओकामी आणि सीरियाच्या सबात इस्लांबूली. आपापल्या देशातल्या पहिल्यावहिल्या डॉक्टरणी म्हणून तिघींचं कौतुक होतं, आणि ते रास्तच आहे. पण त्याच फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यक महाविद्यालयातून रिबेका कोल ही कृष्णवर्णीय डॉक्टर १८६७ मध्ये, आनंदीबाईंच्या एकोणीस वर्षं आधी, बाहेर पडली होती. १८७८ची पदवीधर कॅरोलाइन स्टिल अँडरसन तर आनंदीबाई तिथे होत्या तेव्हा त्याच शहरात दवाखाना चालवत होती. गुलामांना पळून जायला मदत करणाऱ्या विल्यम स्टिल यांची ही मुलगी. आपल्या किती शाळांत, किती चरित्रांत ही दोन नावं ऐकू येतात? आनंदीबाई ज्या अमेरिकेत उतरल्या ती आपल्याला पुरती माहीतच नाही. जोतीरावांनी ‘गुलामगिरी’ १८७३ मध्ये गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या सदाचारी लोकांच्या सन्मानार्थ अर्पण केली. साउथ कॅरोलायनात हेनने नाव घातलं तेही त्याच वर्षी. चारच वर्षांनी ते दार बंद झालं, हे मात्र आपल्याकडे कुणी सांगितलं नाही. आंबेडकर १९१३ ते १९१६ कोलंबियात होते. हे तेच कॉलेज, ज्याने १८३०च्या दशकात कृष्णवर्णीय जेम्स मॅक्यून स्मिथला नाकारलं आणि त्याला वैद्यकाची पदवी घ्यायला थेट ग्लासगोला जावं लागलं. १९४६ मध्ये आंबेडकरांनी ड्यू बॉइसना पत्र लिहिलं. त्यांना हे नातं कळत होतं. अमेरिकेत स्थायिक झालेल्या आपल्या मंडळींनाच ते का कळू नये, हे मला कोडं आहे.

शेवटचा आक्षेप माझ्याच बाजूच्या लोकांवर. माफीनामे स्वस्त असतात. कॅनानच्या बैलांपासून वाचलेला क्रमेल पुढे येलमध्ये व्याख्यानं ऐकायला बसत असे, पण पदवीचा उमेदवार म्हणून त्याला घेतलं नाही. शेवटी १८५३ मध्ये त्याने केंब्रिजची पदवी घेतली. त्याच्या आधी तिथे बसणाऱ्या जेम्स पेनिंग्टनला, मेरिलँडमधून पळालेल्या लोहाराला, वर्गात बोलायची आणि ग्रंथालयातून पुस्तक न्यायची बंदी होती. येलने या दोघांना २०२३ मध्ये मरणोत्तर पदव्या दिल्या. खर्च किती आला असेल? अलाबामा विद्यापीठाने तर कमालच केली. १९५६ मध्ये ऑथरिन लूसी या कृष्णवर्णीय विद्यार्थिनीला जमावाच्या दंगलीनंतर काढून टाकलं होतं. फेब्रुवारी २०२२ मध्ये तिचं नाव एका इमारतीला द्यायचं ठरलं, पण इमारतीवर आधीपासून असलेलं, कू क्लक्स क्लॅन या गोऱ्या वर्चस्ववाद्यांच्या दहशती संघटनेत वावरलेल्या गव्हर्नर ग्रेव्हजचं नाव काढवेना. म्हणून दोन्ही नावं शेजारी-शेजारी! ओरड झाल्यावर आठवडाभरात ग्रेव्हज गेला. लूसी त्यानंतर महिनाभरातच वारली. सोहळ्यांवर माझा भरवसा नाही तो यामुळे. विद्यापीठाने विश्वस्त मंडळाची इतिवृत्तं, प्रवेश नाकारल्याची पत्रं आणि विद्यार्थ्यांचे अर्ज उघडे करावेत, ते वाचायला दोन-चार माणसं पगारावर ठेवावीत, आणि काय सापडलं ते जसंच्या तसं छापावं. पाटी नंतर लावली तरी चालेल, नाही लावली तरी चालेल.

मेरिलँडमधून १८९० मध्ये काढलेल्या त्या दोघांत एक ॲश्बी हॉकिन्स होता. तो हॉवर्डमधून वकील झाला, बाल्टिमोरला परतला, आणि गोऱ्यांनी कुठल्या गल्लीत राहावं व कृष्णवर्णीयांनी कुठल्या, हे ठरवणाऱ्या १९१०च्या शहरी कायद्याविरुद्ध कोर्टात लढला. पहिल्यांच्या यादीत त्याचं नाव बसत नाही, कारण तो पहिला नव्हता. माजी विद्यार्थ्यांच्या यादीतही बसत नाही, कारण त्याला पुरं शिकूच दिलं नाही. मेरिलँडने आपला इतिहास लिहिताना सुरुवात त्याच्यापासून करावी. आणि त्याला काढा म्हणून अर्ज करणाऱ्या विद्यार्थ्यांची नावं सापडत असतील तर तीही छापावीत, प्रत्येकजण पुढे कुठल्या कोर्टात, कुठल्या पदावर बसला त्या तपशिलासकट.